यादी, दाखला आणि नोकरी : सच्चर अहवालाच्या दहाव्या प्रकरणाची समीक्षा

न्या. राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १७ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधानांना सादर झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संसदेच्या पटलावर आला. तेव्हापासून चर्चासत्रे, शोधनिबंध आणि विधिमंडळातील भाषणे यांत त्याचा उल्लेख सातत्याने होत आला आहे. हा उल्लेख बहुधा नवव्या प्रकरणाचा असतो. भारतीय प्रशासन सेवेत मुस्लिम ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, रेल्वेत ४.५ टक्के आणि त्यांतील ९८.७ टक्के खालच्या पदांवर, हे आकडे अनेक प्राध्यापकांना तोंडपाठ असतात. २००१ च्या जनगणनेतील १३.४ टक्के हे लोकसंख्येचे प्रमाण त्यांच्या शेजारी मांडले की युक्तिवाद पूर्ण झाला असे समजले जाते. त्यानंतरचे दहावे प्रकरण मात्र फारसे कोणी उघडत नाही. मुस्लिमांमधील इतर मागासवर्ग आणि सकारात्मक कृती हा त्याचा विषय आहे, आणि नवव्या प्रकरणातील आकड्यांना कायद्याच्या चौकटीत काही उत्तर शोधायचे असेल तर ते येथेच शोधावे लागते. कारण राज्यघटनेच्या कलम १६(४) मध्ये नागरिकांचा मागास 'वर्ग' आहे, तर कलम १६(२) प्रमाणे केवळ धर्माच्या कारणावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही. 'मुस्लिम' हा आकडा अन्यायाची जाणीव करून देतो. नोकरीतील राखीव जागेपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र त्या आकड्याचे वर्गांत विभाजन करावे लागते.

दहाव्या प्रकरणाने हे विभाजन धीटपणे केले. मुस्लिम समाजात तीन स्तर आहेत असे ते सांगते : सामाजिक निर्बंध नसलेले अश्रफ, हिंदू इतर मागासवर्गीयांशी तुलना होऊ शकेल असे अजलाफ आणि अनुसूचित जातींशी तुलना होऊ शकेल असे अरजाल. मंडल आयोगाने १९८० साली अहिंदू समाजांसाठी दोन कसोट्या लावल्या होत्या. एक, धर्मांतरित झालेले पूर्वाश्रमीचे अस्पृश्य. दुसरी, परंपरागत व्यवसायाच्या नावाने ओळखले जाणारे असे समूह, ज्यांच्या हिंदू समव्यावसायिकांचा यादीत समावेश झालेला आहे. या दोन्ही प्रकारचे लोक एकाच यादीत घातले गेले. सफाईचे काम करणारा हलालखोर आणि स्वतःचे माग असलेला विणकर एकाच रांगेत उभे राहिले. अहवालाचे म्हणणे असे की ही रांग अन्यायकारक आहे. अरजाल समूहांना अनुसूचित जातींत, किंवा किमान अतिमागास म्हणून वेगळे स्थान द्यावे.

या मांडणीचे मोल कमी लेखू नये. एकसंध मुस्लिम समाजाच्या कल्पनेला एका सरकारी समितीने, आणि तीही मुस्लिमांच्याच स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीने, छेद दिला. ही कल्पना समाजाच्या हितशत्रूंना जितकी सोयीची असते तितकीच ती समाजातील वजनदार कुटुंबांनाही सोयीची असते. इस्लामच्या तत्त्वात जात नाही हे खरे. पण सोयरीक जुळवताना, मोहल्ल्याची वस्ती बसताना जे दिसते तेही खरे आहे, आणि नोकरीचा प्रश्न या दुसऱ्या सत्याशी बांधलेला आहे.

तथापि या प्रकरणात दोन मूलभूत उणिवा आहेत आणि मराठी मुलखातून पाहिले की त्या अधिक स्पष्ट होतात.

पहिली उणीव शिडीची. अश्रफ-अजलाफ-अरजाल ही त्रयी कोठून आली? बंगालच्या १९०१ च्या जनगणना अधीक्षकाच्या नोंदीतून ती प्रसिद्धीस आली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात तीच नोंद उद्धृत केली. पुढे उत्तर प्रदेशातील मुस्लिमांच्या अभ्यासांतून ती पक्की झाली. म्हणजे ती गंगेच्या खोऱ्याची आणि बंगालची शिडी आहे. दख्खनच्या गावात मुसलमान वेगळ्या रीतीने वसला. तेथे तो गावगाड्याचा भाग होता. मुलाणी पहा. गावात बकरा हलाल करणे, दर्ग्याची वा मशिदीची व्यवस्था पाहणे ही त्याची कामे. काम धार्मिक म्हणून त्याला अश्रफांत बसवावे, तर अलुते-बलुत्यांच्या काही याद्यांत त्याचे नाव येते आणि सुगीला खळ्यावर तो इतर बलुतेदारांबरोबरच आपला वाटा मागतो. आतार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी ऊर्फ नदाफ, खाटीक यांची ओळख बाजारपेठेच्या आणि गावाच्या गरजेतून घडली. त्यांच्यातला उच्चनीच भाव बंगाली शिडीच्या तीन पायऱ्यांवर नेमका बसत नाही. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन विणकरांना ती शिडी काहीशी ओळखीची वाटेल, कारण त्यांतील पुष्कळांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उत्तरेतून आले. सांगली-सोलापूरच्या नदाफाला ती परकी आहे.

आणखी एक उदाहरण या त्रयीत मुळीच मावत नाही. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा भागातील तडवी भिल्ल धर्माने मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातींत त्यांचा समावेश आहे. जमातींच्या बाबतीत धर्माची अट नाही, म्हणून त्यांना कोणी अडवत नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसरा परिच्छेद आडवा येतो. तो १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी सैल करण्यात आला. धर्म बदलल्याने सामाजिक स्थिती बदलत नाही, हे राज्यकर्त्यांनी दोनदा मान्य केले आणि दोनदाही मुस्लिम व ख्रिस्ती यांच्यापाशी येऊन ते थांबले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने मे २००७ च्या अहवालात हा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी त्याच मुद्द्यावर भिन्नमत नोंदवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमण्यात आला.

येथे अनुसूचित जातींमधून येणारा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवे समूह त्याच टक्केवारीत आले तर आहे तो वाटा घटेल, हे साधे अंकगणित आहे. दहाव्या प्रकरणाने या आक्षेपाला पुरेसे वजन दिलेले नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध दविंदर सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण वैध ठरवले, त्यामुळे या चर्चेची भूमी बदलली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा उपवाटा ठेवण्याचा मार्ग आता कायद्यात उपलब्ध आहे. हलालखोर किंवा लालबेगी समूहांच्या मागणीला विरोध करणाऱ्यांनी आणि पाठिंबा देणाऱ्यांनीही या निकालाच्या प्रकाशात आपापली मांडणी तपासली पाहिजे. अजून ते फारसे झालेले दिसत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दहाव्या प्रकरणाचा सारा युक्तिवाद यादीवर उभा आहे : कोणता समूह कोणत्या यादीत असावा. पण नोकरी समूहाला मिळत नाही. ती एका उमेदवाराला मिळते, आणि त्या उमेदवाराला आपण यादीतल्या अमुक समूहाचे आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. यादी आणि उमेदवार यांच्यामधला हा कागद अहवालाच्या विचारव्यूहात दुय्यम राहिला आहे. अहवालातीलच एक आकडा येथे बोलका आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत (१९९९-२०००) मुस्लिमांपैकी ३१.७ टक्के लोकांनी स्वतःला इतर मागासवर्गीय म्हणवले. ६१ व्या फेरीत (२००४-०५) हे प्रमाण ४०.७ टक्के झाले. पाच वर्षांत एखाद्या वर्गाची लोकसंख्या अशी फुगत नाही. वाढली ती स्वतःला त्या नावाने ओळखण्याची आणि सांगण्याची तयारी. पाहणी करणाऱ्यासमोर तोंडी सांगितलेले ग्राह्य धरले जाते. जात पडताळणी समितीसमोर ते चालत नाही.

महाराष्ट्रात हे प्रकर्षाने जाणवते. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली, अभिनेते दिलीपकुमार त्या व्यासपीठावर आले आणि १९९० च्या दशकात अनेक मुस्लिम व्यावसायिक समूहांना राज्याच्या यादीचा लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. यादीच्या पातळीवर हे मोठे यश होते. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने त्याला भक्कम आधारही दिला होता, कारण अहिंदू समाजांतील मागास वर्ग व्यवसाय आणि सामाजिक स्थितीवरून ओळखता येतात हे त्यातील बहुमताने मान्य केले होते. पुढे १८ ऑक्टोबर २००१ पासून राज्यात जातीचे प्रमाणपत्र देण्याचे व त्याच्या पडताळणीचे विनियमन करणारा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव दिनांकाची रेषा. त्या रेषेपूर्वीचा पुरावा हवा : आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४, कोतवाल बुकातील नोंद, महसुली कागद.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर उतारा मिळत नाही. गेले असतील तर जातीच्या रकान्यात बहुधा एकच शब्द सापडतो : मुसलमान. हिंदू मुलाच्या नावापुढे माळी, शिंपी, तेली लिहिणाऱ्या गुरुजींना मुस्लिम मुलाच्या पुढे बागवान किंवा पिंजारी लिहिण्याची गरज वाटली नाही. आणि पालकांनीही विचारल्यावर मुसलमान असेच सांगितले असणार. त्यामागे अज्ञान होते तसा दीनी स्वाभिमानही होता. व्यवसायाची ओळख पुसून बरोबरीने उभे राहण्याची ती इच्छा होती. दोन पिढ्यांनंतर नातवाच्या अर्जावर तीच नोंद त्रुटी म्हणून परत येते. आडनावाचाही उपयोग होत नाही. 'शेख' हे आडनाव लावणारा खाटीक असेल, आतार असेल, फकीर असेल किंवा खरोखरच शेख घराण्यातला असेल.

या त्रुटीची किंमत अलीकडे वाढली आहे. ६ जुलै २०१७ रोजी भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बलराम बहिरा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जातीचा दावा अवैध ठरला तर त्याच्या आधारे मिळालेली नोकरीही टिकत नाही. सेवेची वर्षे वा अर्जदाराचा प्रामाणिकपणा हे तिला संरक्षण देण्याचे कारण होत नाही. खोटे दाखले घेऊन खऱ्या मागासांच्या जागा बळकावणाऱ्यांना आळा बसणे आवश्यकच होते. पण खोटा दावा आणि अपुरा कागद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ज्याच्या घरात कागदच नव्हता त्याच्या बाबतीत हे अंतर ओळखण्याचे साधन समितीकडे क्वचितच असते.

महाराष्ट्राची सीमा ओलांडली की हाच शब्द नेमके उलटे काम करतो. कर्नाटकात १९९५ पासून मुस्लिमांसाठी '२ ब' हा ४ टक्क्यांचा प्रवर्ग आहे. पिंजारा-नदाफ यांसारखे काही समूह त्याबाहेर, प्रवर्ग १ मध्ये आहेत. कागल आणि निपाणी यांत काही मैलांचे अंतर, दोन्हीकडे सोयरे-धायरे एकच. एका बाजूला रजिस्टरमधील 'मुसलमान' ही नोंद उमेदवाराला अडवते. दुसऱ्या बाजूला तीच त्याचा पुरावा होते. कारकुनी दृष्टीने कर्नाटकाची रीत सोपी आहे यात शंका नाही. पण सोपेपणाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. '२ ब'च्या आत तालुक्याच्या शाळेतून आलेला खाटकाचा मुलगा आणि शहरातल्या शिकलेल्या घरातला मुलगा एकाच ४ टक्क्यांसाठी स्पर्धा करतात. उन्नत स्तराची उत्पन्नमर्यादा या अंतराचा थोडाच भाग भरून काढते. म्हणजे दहाव्या प्रकरणाने जो दोष दाखवला तोच येथे नव्या रूपात उभा राहतो. शिवाय धर्माचे नाव असलेला प्रवर्ग राजकारणाच्या पहिल्या झोतात सापडतो. मार्च २०२३ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने निवडणुकीच्या तोंडावर तो रद्द केला आणि मुस्लिमांना आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांत लोटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्या निर्णयाची अंमलबजावणी थांबली. महाराष्ट्रात जुलै २०१४ च्या अध्यादेशाने मुस्लिमांना दिलेल्या ५ टक्क्यांची गत याहून वाईट झाली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकऱ्यांतील भाग स्थगित केला, शिक्षणातील भागाला हात लावला नाही. आणि तरीही अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आंध्र प्रदेशाने २००७ मध्ये मधला मार्ग काढला. आधीचे दोन प्रयत्न न्यायालयात टिकले नव्हते. म्हणून सरसकट मुस्लिम असे न म्हणता समूहांची नावानिशी यादी केली, सय्यद, मोगल, पठाण, अरब, बोहरा, खोजा इत्यादींना स्पष्टपणे वगळले आणि ४ टक्के दिले. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो कायदाही रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच वर्षीच्या अंतरिम आदेशाने लाभ चालू राहिले. या यादीत 'शेख' हाच एक समूह आहे. हैदराबादेत शेख असणे हा पात्रतेचा आधार ठरतो, आणि नांदेडला त्याच आडनावातून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही ठिकाणे एकेकाळी एकाच निजामी राज्यात होती. समूह म्हणजे काय आणि तो ओळखायचा कसा, याचे उत्तर समाजशास्त्राने जितके दिले तितकेच ते राज्याराज्यांच्या दप्तरांनी दिले आहे. दहाव्या प्रकरणाला हे दिसले असते तर त्याच्या शिफारशींचा रोख कदाचित बदलला असता.

पुरावा शोधण्याची जबाबदारी अर्जदारावरच असली पाहिजे का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्र शासनाने नकळत स्वतःच देऊन ठेवले आहे. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने निजामकालीन महसुली व शैक्षणिक दप्तरे उघडली, मोडी आणि उर्दूतील नोंदी वाचून घेतल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णयही निघाला. त्या मागणीचे गुणदोष हा वेगळा विषय आहे आणि इतर मागासवर्गीयांनी त्याला घेतलेल्या हरकतीही गांभीर्याने घेण्यासारख्या आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली : शासनाच्या मनात आले तर शासन स्वतः पुरावा शोधू शकते. ज्या उर्दू दप्तरांत कुणबी शोधले गेले त्यांच्याच कपाटांत बागवान, नदाफ, छप्परबंद यांची नावे असण्याचा संभव आहे. ती वाचणारे हात मात्र अर्जदारानेच आणावेत अशी अपेक्षा आहे. उर्दू आणि इतिहास हे दोन्ही विभाग ज्या महाविद्यालयांत आहेत त्यांच्यासाठी हे काम अगदीच आवाक्याबाहेरचे नाही, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

महाविद्यालयांचा विषय निघालाच आहे तर दहाव्या प्रकरणाने टाळलेला आणखी एक मुद्दा. ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक शिक्षणसंस्था वगळण्यात आल्या आहेत. प्रवेशातील आरक्षण त्यांच्यावर बंधनकारक नाही. कलम ३० च्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे. परंतु सरकारी सेवेतील मुस्लिमांचे प्रमाण बिंदुनामावलीसह मागणारा समाज आपल्याच संस्थांत प्राध्यापक कोणत्या बिरादरीतून येतात, शिपाई आणि सफाईगार कोणत्या, याची मोजणी क्वचितच करतो. सच्चर समितीने बँकांपासून रेल्वेपर्यंत सर्वांचे आकडे मागवले. समाजाच्या स्वतःच्या संस्थांना असाच तक्ता भरायला लावला असता तर दहावे प्रकरण अधिक परिपूर्ण झाले असते आणि अधिक अप्रियही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातनिहाय गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. मुस्लिमांनी आपल्या बिरादरीचे नाव सांगावे की केवळ मुस्लिम म्हणावे, यावर दुमत आहे. दहाव्या प्रकरणाच्या बाजूने पाहिले तर नाव सांगणेच योग्य ठरते. यादीतील समूहांची खरी संख्या त्याशिवाय कळणार नाही आणि उपवर्गीकरणाला आकड्यांचा पाया मिळणार नाही. मात्र या गणनेकडून एका गोष्टीची अपेक्षा करता येणार नाही. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेतील नोंदी गोपनीय असतात आणि पुरावा म्हणून दाखल करता येत नाहीत. पिंजाऱ्याच्या मुलाने प्रगणकाला सांगितलेली जात देशाच्या तक्त्यात एक आकडा होऊन जमा होईल. पडताळणी समितीसमोर जाताना त्याला १९६७ पूर्वीचा उताराच न्यावा लागेल.